नाकासमोर

बादरी रस्त्यावर पट्टा मारायचा, मी सुतळी धरायचो.
एवढंच काम. सुतळी ताठ, पट्टा सरळ,
दुपारी पाव, चीज, टोमॅटो आणि त्याच्या शिव्या.

गुरुवारी मंत्री येणार होते
काखेतीतल्या आमच्या नव्या रस्त्याची फीत कापायला.
मंगळवारी आम्ही बेकरीपर्यंत पोचलो
तर ऐन मधोमध ती झोपलेली.
कानात पालिकेचा पिवळा बिल्ला, पोट वरखाली,
पाय स्वप्नात कुणाच्या तरी मागे धावत होते.

मी दगड उचलला.
"ठेव," बादरी म्हणाला.
यंत्राला टेकून त्यानं एक सिगरेट संपवली,
द्राक्षांचे दोन ट्रक जाऊ दिले
(तेही बाजूनंच गेले),
मग माझ्या हातातली सुतळी काढून खिशात कोंबली
आणि तिच्या कण्याकण्यानं
पट्टा वाकडा नेला.
शेपटीपाशी जरा अडखळला,
पुन्हा मूळ रेषेवर आला, जसं काही झालंच नाही.

मंत्र्यांची गाडी तिथं हलकेच डोलली.
त्यांनी फोनमधून मान वर केली नाही.

बोंब नंतर झाली. निवडणूक होती ना.
तेंगीझ म्हणाला, हे मागच्यांचं कंत्राट.
मागचे म्हणाले, बघा, यांची रेषासुद्धा सरळ नाही,
आम्हाला निवडून द्या, महिन्यात सरळ करू.
निवडून आले.
महिना गेला, वर्ष गेलं,
मग कुठल्याशा समारंभात म्हणाले,
हे वळण म्हणजे आपल्या गावाची ओळख.
तेंगीझनं सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

तिबिलिसीहून एलेने नावाची चित्रकार आली,
गुडघ्यांवर बसून वळणाची मापं घेऊन गेली.
पांढऱ्या भिंतीवर मोठा फोटो, खाली नाव: 'रेषेचं बंड'.
बादरी लग्नातला कोट घालून बघायला गेला.
जन्मभर नाकासमोर चाललेला माणूस,
मेजवानीतही आपली पाळी आल्याशिवाय पेला न उचलणारा,
त्याला लोक वाकून वाकून बंडखोर म्हणत होते.
तो फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला.
"इथं रंग पातळ पडलाय," म्हणाला.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, का रे केलंस?
"झोपली होती," म्हणाला, आणि स्वतःही झोपला.

लामारा दोन वर्षांसाठी म्हणून इटलीला गेली,
बारी शहरात, एका म्हातारीला सांभाळायला.
हे नववं वर्ष.
फोनवर हळू बोलते, म्हातारीचा नुकताच डोळा लागलेला असतो.
मी विचारत नाही कधी येणार.
माझी बायको, माझं घर, मुलीचं लग्न, सगळं
एका अनोळखी बाईच्या झोपेला
वळसा घालून चाललंय.
रागही येत नाही, असं नाही.
एकदा भांडी फोडली. चार. पाचवी तिच्या आईची होती.

बादरी गेला. ती त्याच्या आधीच गेली.
गेल्या वर्षी नवं डांबर पडलं,
यंत्र आलं, त्यालाच डोळे, त्यालाच सुतळी,
एका रात्रीत पट्टा असा सरळ
की बघताना डोळ्यांत पाणी यावं.

मी आता त्याच रस्त्यावर मिनीबस चालवतो.
बेकरी आली की उतारू वर न बघता
एका अंगाला कलतात, दह्याच्या बरण्या धरतात.
ट्रकवाले वळतात. सायकलवरची पोरं वळतात,
त्यातली निम्मी तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती.

परवा नवा पोरगा होता शेजारी, तिकिटं फाडायला.
"काका, तिथं काय आहे?"
काही नाही, म्हटलं,
आणि वळलो.